चेंगट

परवा आमच्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये दुपारभर नेट रखडत होतं. मुलगा घरूनच काम करतो. लॅपटॉपपुढे बसून बसून तो शेवटी वैतागला आणि म्हणाला, काय चेंगट झालंय हे. हा शब्द त्याने माझ्याकडून घेतलेला नाही, एवढं मी शपथेवर सांगते. त्याच्या वडिलांकडून घेतला असेल, नाहीतर शाळेतून. नात सई सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. तिने विचारलं, चेंगट म्हणजे लॅग होणारं का? मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, तू सांग ना, प्रॉपर मीनिंग काय त्याचं?" मी 'हळू' एवढंच सांगितलं आणि कपडे काढायच्या निमित्ताने गॅलरीत गेले. दोरीवर एकही कपडा नव्हता. सईला सांगितलेला अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पुरा सांगायचा तर शालूताईपासून सुरुवात करावी लागेल, आणि ते मी पन्नास वर्षं टाळत आले आहे.

शनिवार पेठेत आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. एक स्वयंपाकाची, दुसरी बाकी सगळ्याची. अण्णा, म्हणजे माझे वडील, बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या काढायच्या, असा त्यांचा दिनक्रम होता. शब्द नेमका हवा हा त्यांचा हट्ट. स्वयंपाकघरातला चमचा द्या म्हणून भागत नसे. डाव की पळी की उलथनं ते सांगावं लागे. माणसांनाही ते असाच एक नेमका शब्द लावत आणि एकदा लावलेला शब्द मग सुटत नसे. मी धांदरट होते. माझी सात वर्षांनी थोरली बहीण शालूताई चेंगट होती. आईने खुद्द अण्णांना ठेवलेला शब्द खवट असा होता. तो त्यांच्यामागे वापरायचा असे, पण त्यांना तो ठाऊक होता आणि बहुधा आवडतही होता. आमच्या घरी कुणी कुणाला जवळ घेऊन लाड केल्याचं मला आठवत नाही. लाड करायचे ते असे शब्दांनीच.

चेंगट ही शिवी नव्हे, हे आधी सांगायला हवं. आळशी माणूस काम करत नाही. चेंगट माणूस करतो, सगळं करतो, पण ते बघताना समोरच्याचा जीव जातो. मंद म्हणजे डोक्याने कमी; शालूताईला कुणी मंद म्हटलं असतं तर अण्णांनी त्याला स्वतः जिन्यापर्यंत पोचवलं असतं. ढ हा शाळेतला शब्द, निकालाच्या दिवसापुरता. संथ हे तर कौतुकच झालं. चेंगट मात्र खास घरातला. परक्याला आपण चेंगट म्हणत नाही. जिची वाट बघताना चरफडायचा आपल्याला हक्क आहे, तिलाच म्हणतो, आणि बहुतेक वेळा हसत हसत म्हणतो. चेंगटाचं काम बिघडत नाही, फक्त संपत नाही, अशी अण्णांची व्याख्या होती. ती आम्हाला इतकी पटली होती की पाहुण्यांना शालूताईची ओळख करून देताना आम्ही व्याख्येसकट करून द्यायचो. पाहुणे हसत. शालूताईही हसे, जरा उशिरा.

तिच्या हातचं सावकाशीचं खायला मात्र आम्हाला हवं असायचं. तूप कढवावं तर तिनेच. बेरी तांबूस व्हायची, कधी करपून काळी झाली नाही. मोरावळा तीच करायची, दोन दोन दिवस. आवळे एकेक टोचत बसलेली ती मला अजून दिसते, खिडकीखाली पाट घेऊन, अंगात मरून रंगाचा स्वेटर, ओठांत काहीतरी पुटपुटत. बाटल्या भरल्या की आम्ही बोटं चाटून खायचो आणि पुन्हा म्हणायचो की चेंगटबाईंनी आवळे टोचेपर्यंत पुढच्या वर्षीचे आवळे लागतील. मी हे वाक्य किती वेळा म्हटलं असेल. त्यात काही वाईट आहे असं वाटायचंही नाही.

आता आमच्या घरच्या एका सवयीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपतं. आम्ही शालूताईची वाक्यं पूर्ण करायचो. ती बोलायला लागली की तिचा एकेक शब्द यायला वेळ लागे, आणि आमच्या घरात शब्दासाठी थांबायची कुणालाच सवय नव्हती. जेवताना ती म्हणे, आज मंडईत... अण्णा म्हणत, गर्दी होती. मी म्हणे, वांगी किडकी निघाली. आई म्हणे, पिशवी विसरून आली असशील. तो एक खेळच होऊन बसला होता. ज्याचं वाक्य बरोबर निघे त्याच्याकडे बघून ती मान हलवी. पुष्कळदा तिला निराळंच काही सांगायचं असावं. पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे कष्ट घेण्यापेक्षा ती आमच्यातलं एखादं वाक्य घेऊन टाकी आणि भात कालवू लागे. अशी आमची किती वाक्यं तिच्या नावावर जमा झाली असतील, देव जाणे. मंडईत त्या दिवशी खरं काय झालं होतं ते मला अजून माहीत नाही.

आणि ती पहिल्यापासून अशी नव्हती. हे मला माहीत होतं. मी हे पुन्हा लिहिते, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही. हे मला माहीत होतं. मी पहिली-दुसरीत असताना मला शाळेत पोचवायचं काम शालूताईकडे होतं, आणि ती अशी भराभर चालायची की माझं बोट तिच्या मुठीत आणि मी मागे फरफटत, रडत, ताई हळू चाल ना गं म्हणत. चेंगट तेव्हा मी होते. जिना ती दोन दोन पायऱ्या गाळून चढायची. तिच्या काचेच्या बांगड्या इतक्या खळखळायच्या की ती खालच्या नळावर आहे की गच्चीवर, ते घरात बसून कळायचं. तिचा वेग कमी व्हायला लागला तो मी मॅट्रिकच्या आसपास असताना, आणि तो असा थोडा थोडा झाला की कुणाच्या लक्षात यायच्या आत शब्द येऊन बसला. मग त्या शब्दाने मागे जाऊन तिचं लहानपणसुद्धा बदलून टाकलं. आई सांगायला लागली की शालू जन्मालाच दहा दिवस उशिरा आली. दात उशिरा आले, चालायला उशिरा लागली. ही मुलगी मला बोटाला धरून पळवत न्यायची, हे घरात माझ्याखेरीज कुणाला आठवेना, आणि मीही कधी आठवण करून दिली नाही.

त्या दिवसांत आईने लक्षवातींचा नेम धरला होता, शालूचं लग्न ठरावं म्हणून. लाख वाती वळायच्या. दुपारचं आवरलं की आम्ही तिघी कापूस घेऊन बसायचो, कोपऱ्यात रेडिओ लावलेला. वळायच्या त्या दोघींनी आणि मी शंभर शंभर मोजून दोऱ्याने जुडी बांधायची, कारण माझ्या धांदरट हातची वात कुठल्याही निरांजनात टिकली नसती. जुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. पहिल्या वर्षी रेडिओवरची गाणी संपेपर्यंत शालूताईच्या दोन जुड्या होत. मग एक होऊ लागली. मग अर्धी. वातीही बदलल्या, आधीच्या बारीक, पिळदार, नंतरच्या जाड आणि सैल. मोजणारी मीच होते. अण्णांना कुणी विचारलं असतं की मुलगी किती वर्षांपासून हळू झाली आहे, तर त्यांना सांगता आलं नसतं. मला डब्याकडे बघून सांगता आलं असतं.

आणखीही पुष्कळ दिसत होतं, पण प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे उत्तर तयार असे. ती वैशाखात स्वेटर घालायची, तर अण्णा म्हणायचे की हातपाय हलवले तर थंडी वाजणार नाही. फणीत केसांचे पुंजके यायचे, तर आई पाण्याला दोष द्यायची. चैत्रात कासारीण आली तेव्हा तिने शालूताईचा हात दाबून बघितला आणि म्हणाली की ताई, तुमचा हात सुजलाय, जुन्या बांगड्या फोडूनच काढाव्या लागतील. फोडून काढल्या. नव्या मोठ्या मापाच्या भरल्या, तर काही महिन्यांत त्याही रुतून बसल्या आणि वाजेनाशा झाल्या. तिचा आवाज जाडसर, घोगरा झाला. जिन्यात चार पायऱ्या, मग थांबणं, मग चार पायऱ्या. वर आम्ही मोजायचो. अण्णा पुस्तकातून मान वर न करता म्हणत, आल्या, आता चौथ्या पायरीवर विश्रांतीचा कार्यक्रम.

एका रविवारी तिला बघायला मंडळी आली. मुलगा सरकारी नोकरीत होता, बरोबर त्याचे वडील आणि मावशी. शालूताईने पोह्यांच्या बश्या आणल्या, बसली. मावशींनी विचारलं की वेळ कसा घालवतेस. ती म्हणाली, मी दुपारी... आणि थांबली. अण्णांनी वाक्य पूर्ण केलं, वाचन करते. मग स्वयंपाकाचं विचारलं, ते आईने पूर्ण केलं. भावंडांचं विचारलं, ते मी. मुलाचे वडील जरा हसले. मावशी मात्र शालूताईच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. निघताना त्या दारात थांबल्या आणि आईला बाजूला घेऊन, अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका, पण मुलीची तब्येत बरी नाही का? तिला कुणाला तरी दाखवा."

एका तासात परक्या बाईला जे दिसलं ते आम्हाला चार वर्षांत दिसलं नव्हतं. पण आम्हाला आला तो रागच. अण्णा म्हणाले, नकार द्यायचा तर सरळ द्यावा, निदान करायला कुणी बोलावलं होतं. त्यांनी त्या बाईंनाही एक शब्द लावला, तो मी लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी आई मात्र मला म्हणाली की अण्णांना सांगू नकोस, संध्याकाळी शालूला दवाखान्यात घेऊन जा, अंगात रक्त नसेल, एखादं टॉनिक देतील. मी कुरकुरले. कॉलेजच्या गॅदरिंगच्या नाटकात मला मोलकरणीचं काम मिळालं होतं. चुरुचुरु बोलणारी मोलकरीण, आणि त्या संध्याकाळी रंगीत तालीम होती. वेळेत सुटशील असं आईने सांगितलं तेव्हा कुठे तयार झाले.

आमचे नेहमीचे डॉक्टर महिनाभर परगावी गेले होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर बसत होते. बाकावर आमच्यापुढे पाच-सहा माणसं होती. मी सारखी घड्याळ बघत होते. शालूताई शेजारी हातावर हात ठेवून शांत बसली होती, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नाडी बघितली आणि नाडी बघताना जरा जास्तच वेळ थांबले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी तिचा चेहरा नीट न्याहाळला आणि मला नाही, तिलाच विचारलं, "तुम्ही पूर्वीपासूनच अशा सावकाश बोलता का? की हे अलीकडे झालंय?"

शालूताईने त्यांच्याकडे बघितलं. तिला कुणी असं सरळ, थांबून, पुष्कळ दिवसांत काही विचारलं नसावं. तिने तोंड उघडलं. "नाही हो, मी..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द शोधायला लागली.

तालमीला दहा मिनिटं उरली होती. मी म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे तिला चेंगटच म्हणतात. लहानपणापासून." आणि हसले. त्याला अण्णांची व्याख्याही जोडली.

डॉक्टरही हसले. पुण्याचेच होते, त्यांना तो शब्द घरातला वाटला असणार. त्यांच्याही घरी कुणीतरी चेंगट असेल. त्यांनी शालूताईकडे बघितलं, ती पुढे काही बोलते का म्हणून. किती वेळ बघितलं ते मला सांगता येणार नाही. मला तेव्हा फार वाटला, आता वाटतो की फारच थोडा होता. तिने नेहमीप्रमाणे माझं वाक्य घेतलं. मान हलवली. डॉक्टरांनी खुर्ची मागे घेतली आणि लोहाचं टॉनिक लिहून दिलं, दोन चमचे जेवणानंतर. आमच्या घराच्या जिन्याच्या तोंडाशी मी तिच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, तू चढ सावकाश, मी पळते. ती म्हणाली, "वसू, मी..." आणि मी म्हटलं, हो हो, सांग आईला, टॉनिक दिलंय, घाबरायचं काही नाही. मी कोपऱ्यावर पोचले तोवर ती पहिल्याच पायरीवर होती. तालमीला मी वेळेत पोचले. माझं काम चांगलं झालं. गॅदरिंगला टाळ्या पडल्या, आणि चटपटीत बोलण्याबद्दल मला एक पेला मिळाला.

पौषात थंडी वाढली. शालूताईला खोकला झाला, मग ताप यायला हवा होता तर अंग उलट गार पडू लागलं. ती झोपू लागली. दुपारी झोपे, संध्याकाळी उठवून दोन घास भरवले की पुन्हा झोपे. चेंगटपणाचा कळस झाला, असं अण्णा म्हणाले, पण त्या दिवशी ते हसत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला चहासाठी उठवायला गेली आणि ती उठेना. श्वास चालू होता, फार सावकाश, दोन श्वासांत इतकं अंतर की आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी तिच्या भुवया बघितल्या, पोटरीवर अंगठा दाबला, गळ्याला हात लावला आणि विचारलं की ही अशी किती वर्षांपासून आहे. आई म्हणाली, पहिल्यापासूनच. ते म्हणाले की तसं नसतं, बाई. गळ्यातली एक ग्रंथी काम करेनाशी होते, मग माणूस सगळ्यात हळू होत जातो, बोलण्यात, चालण्यात, विचारात. हे चार-पाच वर्षांचं दुखणं आहे. अण्णांनी विचारलं, यावर उपाय काय. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी एक गोळी. एवढंच. पण ती आधी सुरू व्हायला हवी होती."

त्यांनी आपल्याकडून सगळं केलं. शालूताई तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. ती सव्वीस वर्षांची होती.

पुढे जे झालं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. दहाव्या की अकराव्या दिवशी तो तरुण डॉक्टर बातमी कळून आमच्याकडे भेटायला आला. चपला बाहेर काढून सतरंजीच्या कडेला बसला. आईने रडत रडत त्याला सांगितलं की मी पाठवलं होतं हो तुमच्याकडे, चार-पाच महिन्यांपूर्वी. अण्णांना ते तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्यांच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाले, "आपण तेव्हा एक प्रश्न विचारला असतात, तर आज इथवर यायचे कष्ट वाचले असते."

मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. प्रश्न त्याने विचारला होता. उत्तर कुणी दिलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी एकोणीस वर्षांची होते, आणि तोही असा काही फार मोठा नव्हता. माझ्याकडे बघतच तो अण्णांना म्हणाला, "खरं आहे. मी विचारायला हवं होतं." मग उठला, हात जोडले आणि गेला. जिन्यावरून त्याच्या उतरण्याचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. तोवर मला बोलता आलं असतं. नंतरही, अण्णा होते तोवरची वीस वर्षं, मला बोलता आलं असतं. अण्णा त्या दवाखान्यावरून कधी गेले नाहीत, लांबच्या गल्लीने वळसा घालून बुधवारात जायचे, आणि मीही त्यांच्याबरोबर तोच वळसा घालायचे. एका निरपराध माणसाचं नाव आमच्या घरात माझ्यामुळे वाईट झालं आणि मी ते होऊ दिलं.

तो शब्द आमच्या घरातून गेला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. धांदरटही गेला, खवटही गेला. विचित्र गोष्ट अशी झाली की आम्ही एकमेकांची वाक्यं पूर्ण करायचं सोडून दिलं. आई बोलता बोलता अडली की अण्णा आणि मी थांबायचो, ती पुढचा शब्द आणेपर्यंत. कधी ती आणायचीच नाही, तरी आम्ही थांबायचो. बाहेरून येणाऱ्याला वाटे, या घरात बोलणंच संपलंय. लाख वाती पुऱ्या झाल्या नव्हत्या. आईने डबा माळ्यावर टाकला. तो आता माझ्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात, चादरींच्या मागे. आम्ही वाघोलीला आलो तेव्हा सुनेने विचारलं होतं की हा गंजका डबा टाकायचा ना. मी नको म्हटलं. तळाच्या जुड्या बारीक, पिळदार आहेत आणि वर वर जाड होत गेल्या आहेत, सगळ्यात वर एक सुटीच पडलेली, अर्धी वळलेली वात.

पन्नाशी उलटल्यावर मला थंडी वाजायला लागली. जिना चढताना दम लागू लागला. तेव्हा दवाखान्यात सून बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी मला तोच प्रश्न विचारला, अगदी जवळजवळ त्याच शब्दांत. मला लगेच बोलता येईना. सून बिचारी मदतीला धावली, म्हणाली, आईंचं पहिल्यापासूनच असं... आणि मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असावा, कारण तिने दचकून माझ्याकडे बघितलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, थांबा, मी सांगते. आणि सांगितलं. रक्त तपासलं, गोळी सुरू झाली, चार-सहा महिन्यांत मी पुन्हा पहिल्यासारखी चालू लागले. हे दुखणं घराण्यात असू शकतं, असं त्या म्हणाल्या. बहीण कशी होती, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की फार भराभर चालायची.

ती गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते, आणि घेतल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, चहासुद्धा नाही. गेली वीस वर्षं रोजचा हा अर्धा तास मला बसून काढावा लागतो. घरातले अजून उठलेले नसतात. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, जिना कुणी वापरत नाही, तरी मला चार पायऱ्या ऐकू येतात, मग थांबणं, मग चार पायऱ्या. ती येऊन समोर बसते, गळ्यापर्यंत बटणं लावून. तिच्या बांगड्या वाजत नाहीत. नाही हो, मी, असं ती म्हणते आणि पुढचा शब्द शोधू लागते. नाही हो, मी अशी नव्हते, असं असेल. नाही हो, मी बरी आहे, असंही असेल. तिच्या स्वभावाला तेही शोभलं असतं. मला दोन्ही सुचतात, आणखीही सुचतात, माझी जीभ अजून तशीच चटपटीत आहे. पण मी काही बोलत नाही. गोळी पोटात गेलेली असते, चहाला अवकाश असतो, कुठे पोचायचं नसतं. मी हातावर हात ठेवून बसते आणि ती काय म्हणते त्याची वाट बघते.